आंबा उतरला की निघा: कोकणातून वर्षभराच्या परदेशी क्रूझ

रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं निवृत्त जोडपं वर्षभरात तीन-चार क्रूझ करायचं म्हणतं तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा येत नाही, तारखांचा येतो. शिमग्याला पालखी घरी येणार म्हणजे घर उघडं हवं. मार्च ते मे आंबा. भाद्रपदात गणपती, त्यानंतर भातकापणी. उरलेल्या दिवसांत जगातल्या कुठल्या समुद्रावर हवा चांगली असते, ते बघून आम्ही वर्ष आखलं. दिवाळीनंतर सिंगापूर, जानेवारीच्या अखेरीस आखात आणि आंबा संपल्यावर जूनमध्ये नॉर्वे. भूमध्य समुद्र ऑक्टोबरात छान असतो, पण ज्यांचं भात आहे त्यांनी तो विचार सोडावा किंवा कापणीची सोय आधी लावावी.

आखणी करताना एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पासपोर्ट एकच असतो आणि व्हिसासाठी दिला की तो आठवडेच्या आठवडे अडकून पडतो. नॉर्वेसह युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबवायची मुभा त्यांना आहे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. म्हणून नॉर्वेचा अर्ज आखातातून परतल्यावर लगेच, फेब्रुवारीत करावा. जानेवारीत पासपोर्ट देऊन बसलात तर दुबईचं जहाज तुमच्याविना सुटेल. आणि मार्चमध्ये बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं म्हणजे काढणीच्या गडबडीत बाग सोडून जाणं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे पुढच्या अर्जाच्या वेळी बहुधा ही खेप वाचते.

दुसरी अडचण नोव्हेंबरची. पेन्शनरांचा हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा असतो. १ तारीख उलटली की आधारवर चेहरा दाखवून मोबाइलवरूनच देऊन टाका आणि मगच सिंगापूरला निघा. भर समुद्रात आधारचा ओटीपी येण्याची वाट बघत बसू नये.

कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे किमान ६ महिने चालणारा हवा. नाव सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. ते तिकिटावर एकदा आलं, एकदा नाही, बायकोचं माहेरचं नाव बँकेत तसंच राहिलं, अशा गोष्टींवर बंदरातल्या खिडकीशी खोळंबा होतो. बुकिंग करणाऱ्याला नाव फोनवर सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा.

शेंगेनची फी प्रौढांना ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पेन्शनरांनी पेन्शनचा आदेश, पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं बँकेच्या शिक्क्याचं विवरण आणि आयकर विवरणपत्रं लावावीत. बागेचा सातबारा जोडायचा असेल तर इंग्रजी भाषांतरासह. घरी परत येण्याचं कारण म्हणून तो चांगला पुरावा ठरतो.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यात लोक फसतात. नियम असा, की ज्या देशात जास्त दिवस त्याच्याकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. जर्मनीतल्या कील बंदरातून नॉर्वेला जाणाऱ्या जहाजाचे दिवस कागदावर मांडून मोजा, अंदाजाने ठरवू नका. आणि जहाज शेंगेनबाहेरच्या बंदराला लागून परत येणार असेल, उदाहरणार्थ तुर्कस्तानातलं कुशादासी किंवा माँटेनेग्रोमधलं कोटोर, तर व्हिसा अनेक प्रवेशांचाच हवा. साउथॅम्प्टनहून निघणारं जहाज स्वस्त दिसतं, पण तिथे ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. दोघांच्या दोन व्हिसांचा खर्च आणि वेळ धरला तर कील किंवा कोपनहेगनच परवडतं.

सिंगापूरला व्हिसा तर लागतोच, शिवाय आगमनाचं कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. जहाज फिरून परत सिंगापूरलाच येतं तेव्हा तोही नवा प्रवेश धरला जातो, म्हणजे कार्ड पुन्हा भरायचं.

फराळाची पिशवी

इथे कोकणी माणसाचा जीव गुंततो, म्हणून सविस्तर सांगतो. खसखस सिंगापुरात आणि संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांत मोडते. दिवाळीनंतर निघताना डब्यात अनारसे किंवा खसखस घातलेले लाडू असतील तर ते घरीच ठेवा. हे गमतीत घेऊ नका, तिथले कायदे फार कडक आहेत. सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढेही गेले. ताजा हापूस वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय नाही. नारळाला मात्र त्या नियमातून सूट आहे.

जहाजावर चढताना पुन्हा तपासणी होते. घरी केलेलं खाणं बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. इस्त्री, किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय जेवण, अगदी जैनसुद्धा, सहज मिळतं. युरोपात बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं, तरी तिखट बेताचंच. मासे खाणाऱ्यांची नॉर्वेत चैन आहे. बर्गनच्या मासळीबाजारात एकदा चक्कर मारावीच, मात्र भाव बघून आधी दचकायला होतं.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, सगळ्या प्रवासाला पुरून आठवडाभर उरतील इतकी. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या, कंपनीचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल किंवा खोकल्यासाठी कोडीन असलेलं औषध चालू असेल, तर आखातात ते नियंत्रित यादीत आहे. आधी परवानगी घ्या किंवा डॉक्टरांकडून बदलून घ्या.

जहाजावर

केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. जहाज डोलतं तेव्हा टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात. वर नाचघर किंवा खाली नाट्यगृह नाही ना, हे नकाशात पाहावं. गुडघे दुखत असतील तर लिफ्टजवळची खोली बघावी आणि न्हाणीघराला उंबरा नसलेली मिळेल का ते विचारावं. विमानतळावर चाकाची खुर्ची फुकट मिळते, पण तिकीट काढतानाच सांगावी लागते.

समुद्र लागतो त्यांनी गोळी आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट अशा गोळ्यांनी झोप येते, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांत, पाणी खाडीसारखं शांत असतं. त्रास होतो तो उत्तर समुद्र ओलांडताना.

बंदरात बॅगा दिल्या की त्या केबिनपाशी संध्याकाळपर्यंत पोहोचतात, म्हणून औषधं, चष्मा, एक जोड कपडे हातात ठेवा. शेवटच्या रात्री उलटा प्रकार: बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी त्या थेट बंदरात मिळतात. सगळे कपडे बॅगेत भरून झोपणारे लोक दर फेरीत असतात. जहाज सुटण्यापूर्वीची सुरक्षा कवायत सक्तीची आहे. भोंग्याचे ७ छोटे आणि १ लांब आवाज म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. ती जागा दोघांनी चालून बघावी.

खर्चात तीन गोष्टी छुप्या असतात. सेवेचे पैसे अमेरिकी कंपन्यांत माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या आसपास आपोआप खात्यावर पडतात. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल वेगळं आणि भारी असतं, म्हणून विम्यात समुद्रावरून हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा आणि रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया लपवू नका. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. तिसरी गोष्ट फोन. किनारा दूर गेला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि मिनिटागणिक पैसे जातात. दोघांचेही फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, मग वायफाय लावा. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वी चालू करा आणि एक खर्च करून बघा.

साबणाने हात धुण्याचा कंटाळा करू नका. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

बंदरात उतरल्यावर

जहाज कुणासाठी थांबत नाही. कंपनीची सहल घेतली आणि बस अडकली तर ते थांबतात किंवा पुढच्या बंदरात पोहोचवतात. स्वतः फिरायला गेलात तर जबाबदारी तुमची. परतण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते आणि ती जहाजाच्या घड्याळाची असते. मोबाइल त्या बंदराची स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेलाच ठेवा. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून मगच उतरा.

माहितीपत्रकात शहराचं नाव असतं, बंदर कुठे ते नसतं. 'रोम' म्हणजे चिविताव्हेकिया, तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. 'व्हेनिस' तर फारच फसवं. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुन्या शहरालगतच्या जुदेक्का कालव्यात बंदी आहे, त्यामुळे काही जहाजं थेट राव्हेन्नाला लागतात. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावर क्रूझच्या मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. आगबोटीच्या काळात रत्नागिरीला जसे पडाव लागत, तसं छोट्या होड्यांतून उतरावं लागतं आणि वर केबल कारने जावं लागतं. वारा असला की असं बंदर सरळ गाळतात. तेव्हा फक्त बंदराचा कर परत मिळतो, सहलीचे बाहेर भरलेले पैसे बुडू शकतात.

नॉर्वेत फ्लोम बंदराला लागणारं जहाज निवडा. धक्क्यापासून काही पावलांवर रेल्वे आहे. २० किलोमीटरमध्ये ती समुद्रकाठापासून ८६६ मीटर उंच मीर्डालला चढते. जूनमध्ये तिकिटं संपतात, घरूनच काढून ठेवा. चढताना वळणावळणाला धबधबे दिसतात, करबुडेच्या बोगद्यातून जाणारी आपली गाडी आठवतेच. बर्गनला पाऊस धरूनच चला. छत्री वाऱ्याने उलटते, म्हणून कोकणातला रेनकोट न्या, तोच तिथे उपयोगी पडतो. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्यांवर पैसे घालवू नका. रात्री उशिरापर्यंत उजेड असल्याने झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्यावी.

मागे राहिलेलं घर

जूनमध्ये घर बंद करणं हे सगळ्यांत अवघड काम. मेअखेरपर्यंत कौलं चाळून घ्या, पन्हळी साफ करा, घरावर येणारी माडाची झावळी उतरवा. टीव्ही, राउटर आणि पंपाचे प्लग भिंतीतून उपटून ठेवा, नुसतं बटण बंद करून वीज पडल्यावर वाचत नाही. फ्रिज रिकामा करून पुसून दार उघडं ठेवा, बंद ठेवलात तर आत बुरशी धरते. कपाटांचंही तसंच, दारं किलकिली आणि गाद्या भिंतीपासून दूर. पासपोर्टखेरीजचे महत्त्वाचे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा. विजेचं बिल आगाऊ भरता येतं, तेवढं करा. किल्ली वाडीतल्या भरवशाच्या माणसाकडे द्या आणि आठवड्यातून एकदा उघडीप बघून दारं-खिडक्या उघडायला सांगा. बदल्यात काही आणायचं असेल तर सिंगापूरहून च्युइंगगम मिळणार नाही, नॉर्वेहून लोकरीची टोपी आणा.

मुंबईला जायला पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात आणि दरड आली तर थांबतात. विमानाच्या किमान दोन दिवस आधी निघा. ठाण्याला उतरून विमानतळाला टॅक्सी हाच सोपा रस्ता. परतीचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या सुमारास परतणार असाल तर आरक्षण उघडण्याची ती सकाळ नेमकी नॉर्वेच्या समुद्रात येऊ शकते. वेळेचा फरक लक्षात घ्या, जहाजाच्या वायफायवर ओटीपीचा भरवसा धरू नका, आणि तिकीट काढायचं काम मुलांवर किंवा शेजाऱ्यावर सोपवूनच जहाजावर चढा.