काकांचा टॉर्क रेंच आणि ३५ न्यूटन मीटर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमधे, म्हणजे मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासणाऱ्या लॅबमधे, मी टॉर्कच्या बेंचवर काम करते. टॉर्क म्हणजे बोल्ट पिळायचा जोर, तो न्यूटन मीटरमधे मोजतात. टॉर्क रेंचवर हवा तो आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की आतल्या स्प्रिंगमुळे टक् वाजतो, मग थांबायचं. आमच्याकडे येणारे रेंच बहुतेक कंपन्यांचेच, आजूबाजूला सगळे गाड्यांचे पार्ट बनवणारे, त्यांना ऑडिटला सर्टिफिकेट लागतं म्हणून पेट्याच्या पेट्या येतात. घरचा माणूस घरचा रेंच घेऊन सहसा येत नाही. म्हणून त्या दिवशी पाथर्डी फाट्याहून एक काका, पोस्टातून रिटायर झालेले, हातात लाल प्लास्टिकची पेटी आणि रुमालात गुंडाळलेला ड्रेन प्लग, म्हणजे इंजिन ऑईल सोडायच्या भोकाचा बोल्ट, घेऊन आले तेव्हा रिसेप्शनवाल्याने सरळ मलाच बोलावलं.

रुमाल उघडला तर प्लगच्या आट्यांमधे अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली, म्हणजे ऑईल चेंबरचे आटे उपटून प्लगबरोबर बाहेर आलेले. काका म्हणाले, "मॅडम, मॅन्युअलमधे ३५ लिहिलंय, मी ३५ लावलं, हा टक् वाजलाच नाही, मी ओढत गेलो आणि अचानक हात सैल पडला. रेंच खराब आहे असं लिहून द्या, मला विकणाऱ्याकडे भांडायचंय." आवाजात राग कमी आणि वाईट वाटणंच जास्त होतं, गाडीचं सगळं काम ते स्वतः करतात, पार्किंगमधे चटई टाकून.

रेंच म्हणजे नेहमीचा अर्ध्या इंचाचा (सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकाचं माप), २८ ते २१० न्यूटन मीटरवाला, ऑनलाईन बराच दिसतो. मेन स्केलवर २८, मग ४२, मग ५६ असं चौदा चौदाने चढत जातं, आणि मधले आकडे मुठीच्या रिंगवर. म्हणजे ३५ लावायचं तर २८ वर आणून रिंग ७ पर्यंत फिरवायची. काकांनी ते बरोबर केलं होतं, मी मुद्दाम त्यांनाच करून दाखवायला सांगितलं.

मग बेंचवर घेतला. आधी फुल लोडला काही वेळा ओढून स्प्रिंग मोकळी केली, मग २१० ला लावला तर २०७ आलं, १२६ ला लावला तर १२४, १२५, परत १२५. असल्या रेंचला अधिक-उणे ४ टक्के चालतात, त्यात हे आरामात बसतं. मग ३५ ला आणला. पहिलं रीडिंग ३९, पुढचं ४४, मग ३८, परत ४२. आणि टक् इतका बारीक की शेजारच्या शेडमधला पॉवर प्रेस चालू असताना मला तो ऐकूच आला नाही, फक्त बोटांना कळला, तेही बेंचसमोर सरळ उभी राहून ओढत होते म्हणून. काका गाडीखाली उताणे पडून ओढत होते, हायवेचा आवाज डोक्यावर.

आता हिशोब बघा. रेंच साधारण ४५ सेंटीमीटर लांब, त्यावर ३५ न्यूटन मीटर म्हणजे मुठीवर जेमतेम ८ किलोचा जोर. एवढा जोर हाताला जोरच वाटत नाही, त्यामुळे टक् चुकला की माणूस आणखी ओढतो, आणि १६-१७ किलो लावले की ७० च्या वर गेला, अ‍ॅल्युमिनियमचे आटे तिथे कसे टिकणार. आमच्या लाईनमधे जुना नियम आहे की क्लिकवाल्या रेंचचे खालचे २० टक्के वापरायचेच नाहीत. २१० चे २० टक्के म्हणजे ४२. स्केलवर २८ छापलंय म्हणून तिथपर्यंत भरवसा ठेवता येतो असं नाही, आणि हे पेटीवर कोणी ठळक लिहीत नाही याचा मला खरंच राग येतो.

रेंच खराब आहे असं मी लिहून देऊ शकत नव्हते, वरच्या रेंजमधे तो चांगलाच होता. काका गप्प बसले, मग म्हणाले, "मग मी घ्यायचा तरी कुठला?" हा प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही, कंपन्या घेऊन झाल्यावर येतात. मी त्यांना म्हटलं, रेंच नंतर, आधी तुम्ही स्वतः कुठले बोल्ट खोलता ते सांगा. सांगत गेले तसं मी जॉब कार्डच्या मागे लिहीत गेले. ड्रेन प्लग ३५, स्पार्क प्लग २५ च्या आत, ब्रेक कॅलिपरच्या पिना तिशीच्या आसपास, मुलाच्या बाईकचे इंजिन कव्हरचे बोल्ट १० ला, आणि चाकाचे नट १०० च्या जवळपास. चाकं सोडली तर सगळं ४० च्या खाली!

लोक चाकासाठी म्हणून मोठा रेंच घेतात आणि मग तोच सगळीकडे लावतात. चाकाचा नट ढिला राहिला तर जिवाशी खेळ आहे, त्याला रेंच हवाच, पण तो स्टीलवर स्टील, थोडा वरखाली झाला तर सहन करतो. महागात पडतात ते हे छोटे, अ‍ॅल्युमिनियममधे जाणारे. म्हणून माझं मत सरळ आहे, पहिला रेंच तीन-अष्टमांश इंचाचा घ्या, १० ते ६० च्या रेंजमधला, तुमचा नेहमीचा आकडा स्केलच्या मधोमध पडला पाहिजे. टक् न वाजता काट्याने आकडा दाखवणारा रेंच का नको, तर त्यात स्प्रिंग नसल्यामुळे तो वर्षानुवर्षं बरोबर राहतो पण काटा समोरून सरळ बघावा लागतो, गाडीखाली ते जमत नाही. डिजिटल छान, बझर वाजतो, पण पैसे जास्त आणि सेल संपले की बसा. आणि एकक बघून घ्या, फूट-पाऊंडवाल्या स्केलवर ३५ लावलं तर ते ४७ न्यूटन मीटर होतं.

नंतर काका छोटा रेंच घेऊन आले. मी ३५ ला लावून त्यांच्याच हातात दिला, म्हटलं तुम्हीच ओढा, हळू, मुठीच्या मधे धरून. टक् वाजला तसे लगेच थांबले, डिस्प्लेवर ३४.६. परत ओढला, ३५.१. चेंबरला तोपर्यंत अंबडमधेच हेलिकॉईल, म्हणजे उपटलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे, बसवून झालं होतं. नट खोलायला हा वापरू नका आणि काम झालं की स्केल सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नको, एवढं सांगितलं.

मोठ्याचं काय करू म्हणाले. त्याला आम्ही लिमिटेड कॅलिब्रेशनचं पिवळं स्टिकर दिलं, ५६ ते २१० एवढ्यापुरतं. ते त्यांनी पेटीवर नाही, दांड्यावर चिकटवून घेतलं, कारण गल्लीतली मुलं रेंच मागून नेतात तेव्हा पेटी घरीच राहते.