तुम्ही विचारलंत म्हणून: लेन्सवर यूव्ही फिल्टर लावू का?

"ताई, नवीन लेन्स घेतलीय. दुकानदार म्हणतोय, सोबत यूव्ही घ्याच. घेऊ का?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला हा फोन येतो. परवाचा सासवडच्या एका मुलाचा होता. ५० एमएमची लेन्स, स्वतःच्या पगारातून घेतलेली, आणि येत्या सोमवतीला जेजुरीला जायचा बेत. मी एका लग्नाचे फोटो काढण्याच्या गडबडीत होते, त्याला एवढंच म्हणाले, "जेजुरीला जातोयस ना? मग घे." पण हे उत्तर अर्धंच झालं. उरलेलं इथे लिहितेय.

आधी नावाचं बघू. यूव्ही म्हणजे अतिनील किरण. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण रोलच्या काळात फिल्मवर त्यांचा परिणाम व्हायचा. उंचावर आणि समुद्रकाठी जरा जास्तच. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवरून फोटो काढला, की लांबचे डोंगर डोळ्यांना दिसले होते त्याहून निळसर, फिके यायचे. त्यावर उतारा म्हणून हा फिल्टर असायचा, नाहीतर हलक्या गुलाबी झाकेचा स्कायलाइट. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या भागाच्या, पुढ्यातच अतिनील किरण अडवणारी काच बसवलेली असते, आणि लेन्समधली भिंगंही बरेचसे किरण वाटेतच शोषून घेतात. त्यामुळे "यूव्ही लावला की फोटो स्वच्छ येतात" असं कुणी म्हणालं, तर त्यावर पैसे घालू नका. धूळ आणि बाष्पामुळे येणारा धुरकटपणा तर तो रोलच्या काळातही काढू शकत नव्हता. आज हा फिल्टर म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवलेली एक साधी पारदर्शक काच. ती कशापासून वाचवते आणि त्याबदल्यात काय घेते, एवढंच बघायचं.

जेजुरीला ती खरोखर वाचवते. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेकडे स्नानाला निघते, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार"च्या गजरात वरून, खालून, सगळीकडून भंडारा उधळला जातो. हवा पिवळी होते. मी पायऱ्यांच्या कडेला भिंतीला टेकून उभी असते, आणि पाच मिनिटांत लेन्सच्या तोंडावर हळदीचा थर बसतो. तो तिथल्या तिथे रुमालाने पुसायचा मोह होतो, पण तसं केलं तर त्यातला एखादा खरखरीत कण काचेवर ओरखडा ओढून जातो. मी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, आधी उडवते, मग उरलेलं बिनधास्त पुसते, कारण पुसतेय ती फिल्टरची काच असते. घरी आल्यावर फिल्टर काढला, की त्याच्या कड्याच्या आट्यांत पिवळी रेघ असते, आत मात्र भिंग स्वच्छ. ते स्वच्छ वर्तुळ बघितलं की दरवेळी जीव भांड्यात पडतो. मिरवणुकीतला गुलाल, रंगपंचमी, हरिहरेश्वरच्या खडकांवर उडणारं खारं पाणी, अशा ठिकाणी माझा फिल्टर निघत नाही. कॅननच्या १७-४० सारख्या काही लेन्सच्या माहितीपुस्तिकेत तर धूळपाण्यापासून पूर्ण बचाव हवा असेल तर पुढे फिल्टर लावा, असं कंपनीनेच लिहिलेलं आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. झूम पुढेमागे करताना लेन्सच्या नळीतून भंडारा आत जातो, तो फिल्टर थांबवू शकत नाही. म्हणून अशा दिवशी मी झूम लेन्स घरी ठेवते.

आता पडण्याचं. "लेन्स पडली, फिल्टर फुटला, लेन्स वाचली," ही गोष्ट तुम्ही दहा जणांकडून ऐकली असेल. माझ्याकडेही फुटलेला फिल्टर आहे. साताऱ्याच्या एका लग्नात खांद्यावरचा कॅमेरा झोका घेऊन टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. फिल्टरची काच तडकली, कडं चेपलं. सगळे म्हणाले, बरं झालं फिल्टर होता. मला तसं वाटत नाही. फिल्टरची काच पातळ, किरकोळ धक्क्यानेही फुटते. पुढचं भिंग त्याच्या कितीतरी पट जाड. माझ्या भिंगावर जो बारीक ओरखडा आला, तो टेबलाने आला नाही, फिल्टरच्याच तुकड्यांनी आला. धक्का सोसायला हूड हवा, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी पुढे आलेली कडा. प्लॅस्टिकचा साधा हूड वाकतो, तुटतो, पण मार लेन्सपर्यंत पोचू देत नाही. शिवाय बाजूचा उजेडही अडवतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लेन्सवर हूड असतो. तो ओरखडा अजून तसाच आहे. फोटोत तो दिसत नाही, कारण इतक्या जवळची खूण फोकसमध्ये येतच नाही. फक्त सूर्य समोर असला की त्या जागेमुळे फोटो जरा फिका पडतो.

कधी फिल्टर फुटलाच, तर लेन्सचं तोंड जमिनीकडे करून तो हळूहळू उघडा, ब्लोअर मारा. पुसू मात्र नका.

आणि आता तो घेतो काय, ते. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लावतात. मी ट्रायपॉड लावून बसले होते. स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला, तर वरच्या काळ्या आभाळात हिरवट ठिपके. आधी वाटलं, कुणी आकाशकंदील सोडलेत. मग नीट बघितलं तर ते ठिपके म्हणजे खालच्याच पणत्यांची रांग होती, उलटी. डाव्या कोपऱ्यातली खालची पणती उजवीकडे वर. उजेड सेन्सरवर पडून थोडासा परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. भिंगं गोलाईची असल्याने त्यांच्यावरून परतणारा उजेड बहुतेक वेळा पसरून जातो, सपाट काच मात्र जशीच्या तशी प्रतिमा परत पाठवते. मी फिल्टर काढला आणि पुढच्या फोटोत आभाळ काळंभोर झालं. म्हणून सांगते, अंधारात दिवा समोर असेल, तर फिल्टर काढून खिशात ठेवा. दिवाळीची रोषणाई, आरती, रस्त्यावरचे दिवे, सगळीकडे हेच. उगवता-मावळता सूर्य चौकटीत असेल तरीही.

घ्यायचाच तर स्वस्तातला घेऊ नका. कोटिंग, म्हणजे उजेड परत फिरू न देणारा पातळ लेप, नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो, दोन्ही बाजू मिळून ८. चांगल्या मल्टिकोटिंगमध्ये हे बरंच खाली येतं. दुकानात ओळखायची सोपी खूण आहे: फिल्टर तिरका धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. पांढरं लख्ख दिसलं तर परत द्या. मंद, हिरवट-जांभळं दिसलं तर ठीक. लांब पल्ल्याच्या लेन्सवर तर हलक्या प्रतीची काच फार महागात पडते. भिगवणला अशाच फिल्टरमुळे रोहित पक्ष्यांचे माझे एका सकाळचे सगळे फोटो धूसर आले होते, आणि मी उगाच फोकसला दोष देत बसले होते. माप घेताना लेन्सच्या तोंडाशी Ø या खुणेपुढचा आकडा बघा. ५० एमएमच्या लेन्सला ५० चा फिल्टर लागतो असं नसतं, त्या मुलाच्या लेन्सला ४९ चा लागतो.

फिल्टर कायम लावून ठेवत असाल, तरी पावसाळ्यात घरी आल्यावर काढून ठेवा. दोन काचांच्या मध्ये ओल अडकून राहते. आणि आटे घट्ट बसून निघत नसतील तर जोराने दाबू नका, कडं दबून आणखी आवळतं. रुंद रबरबँड भोवती गुंडाळा आणि हलक्या हाताने फिरवा.

सासवडच्या मुलाला रात्री परत फोन केला. "पैसे दोन्हीला पुरत नसतील, तर आधी हूड घे," म्हटलं. तो म्हणाला, "दोन्ही घेतो, ताई. भंडाऱ्याला फिल्टर लागेलच, आणि संध्याकाळी गडावर थांबायचंय, दिवे लागेपर्यंत." म्हटलं, मग फिल्टरची डबीही बरोबर ठेव.