थंड आणि ओल्या कारखान्यासाठी चेन निवडताना

तळोजा आणि रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतींत कोळंबी व मासे गोठवून निर्यात करणारे कारखाने आहेत. अशाच एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी काम करतो. बाहेर समुद्राकाठची दमट हवा, आत बर्फ, मीठ आणि ग्लेझिंगचे (गोठलेल्या मालावर बर्फाचा पातळ थर चढवण्याचे) पाणी, आणि फ्रीझरमध्ये उणे ३५ ते उणे ४० अंश तापमान, अशा ठिकाणी कन्व्हेअरची चेन कशी निवडावी, हे मी एका चुकीतून शिकलो.

फ्रीझरला माल पुरवणाऱ्या कन्व्हेअरवर आमच्याकडे साध्या पोलादाची चेन होती. ती सतत गंजत असे, आणि खाद्यपदार्थाच्या वर गंज झडणे कोणत्याही परिस्थितीत चालण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही त्याच मापाची ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची चेन बसवली आणि प्रश्न सुटला असे मानले. काही महिन्यांतच ती स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवरून उडू लागली. तिच्यावर गंजाचा एक ठिपकाही नव्हता. पिच म्हणजे लगतच्या दोन सांध्यांमधले अंतर; १२.७ मिलिमीटर पिचच्या त्या चेनचे ४० पिच मी मोजले, तेव्हा ५०८ मिलिमीटरऐवजी ५२० भरले. चेन ताणली गेली असे आपण म्हणतो, पण प्लेटा ताणल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश (पिन जिच्यात फिरते ती छोटी नळी) एकमेकांवर घासून सरासरी ०.३ मिलिमीटर झिजले होते, आणि तेच ४० वेळा मिळून १२ मिलिमीटर झाले होते.

त्यामागचे कारण धातूच्या स्वभावात आहे. साध्या चेनच्या पिनचा पृष्ठभाग उष्णताप्रक्रियेने कठीण केलेला असतो, तर ३०४ किंवा ३१६ प्रतीचे स्टेनलेस तशा प्रक्रियेने कठीण होत नाही. शिवाय वंगण नसेल तर स्टेनलेसवर घासणारे स्टेनलेस चिकटते आणि त्याचे पापुद्रे निघतात. अशा चेनची तुटण्याची ताकद त्याच मापाच्या पोलादी चेनच्या साधारण दोन तृतीयांश असते, आणि सांधा दीर्घकाळ टिकेल असा कामाचा भार तर त्याहून कितीतरी कमी असतो. म्हणून पोलादी चेन काढून स्टेनलेस बसवायची असेल, तर स्प्रॉकेट बदलण्याचा खर्च सोसूनही एक माप मोठी चेन घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. दुसरा मार्ग म्हणजे प्लेटा ३०४ च्या आणि पिन १७-४ पीएचसारख्या, उष्णताप्रक्रियेने कठीण होणाऱ्या स्टेनलेसच्या असलेली चेन. ती झिजेला चांगली तोंड देते, मात्र क्लोरीनपुढे अशी पिन तितकीशी निर्धास्त नसते.

क्लोरीनचा विचार वेगळा करावाच लागतो. पाळी संपली की गरम पाणी, अल्कलीचा फेस आणि मग हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त जंतुनाशक अशी धुलाई होते. मीठ आणि क्लोरीन यांमुळे ३०४ वर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते अधिक टिकते, पण ते अधिक कठीण नसते. त्यामुळे विक्रेता ३१६ सुचवतो तेव्हा ते गंजावरचे उत्तर आहे, झिजेवरचे नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते. निकेलचा मुलामा दिलेली चेन मी फक्त कोरड्या पॅकिंग विभागात वापरतो, कारण स्प्रॉकेटचे दात आणि चेनचे रोलर जिथे भेटतात तिथेच मुलामा आधी निघून जातो.

तेल मुरवलेल्या बुशच्या चेन चांगल्या असतात, पण रोजच्या गरम अल्कलीने ते तेल हळूहळू निघून जाते. प्लास्टिक बुशमध्ये नायलॉन पाणी शोषून फुगते आणि पिनवर घट्ट बसते. ॲसिटल हे दुसरे प्लास्टिक पाणी कमी शोषते, पण क्लोरीन त्याला मानवत नाही. म्हणून चेनचे माप सांगण्यापूर्वी मी विक्रेत्याला आमची धुलाईची पद्धत सविस्तर सांगतो.

धुतल्यावर सांध्यात राहिलेले पाणी फ्रीझरमध्ये गोठते आणि चेनचे सांधे आखडतात. त्यामुळे आम्ही धुलाईनंतर पंखे लावून चेन रिकामी फिरवतो, आणि ती कोरडी झाल्यावरच कमी तापमानात पातळ राहणारे, खाद्यउद्योगासाठी मान्य असलेले एच-१ वर्गाचे तेल देतो. ते रोलरवर नव्हे, तर आतल्या आणि बाहेरच्या प्लेटांच्या फटीत पडले पाहिजे, कारण पिनपर्यंत जाण्याची वाट तीच आहे. फ्रीझरच्या आत साध्या पोलादाची चेन मी मुळीच बसवत नाही. थंडीत ते ठिसूळ होते, ३०४ होत नाही. १० मीटर लांबीची स्टेनलेस चेन ३० अंशांवरून उणे ३५ अंशांवर गेली की सुमारे ११ मिलिमीटर आखडते, आणि जाड फ्रेमच्या आधी थंड होत असल्यामुळे मधल्या काळात सगळा ताण बेअरिंगवर येतो. तिथे चेनचा ताण राखणारा टेन्शनर निवडताना नटबोल्टने घट्ट केलेल्या टेन्शनरपेक्षा स्प्रिंगचा टेन्शनर बरा.

आता ४० पिच ५१८ मिलिमीटर भरले, म्हणजे लांबी २ टक्क्यांनी वाढली, की मी चेन काढतो आणि झिजलेले स्प्रॉकेटही त्याच दिवशी बदलतो. एकाच शाफ्टवर दोन चेन समांतर चालत असतील तर एकच झिजलेली दिसली तरी दोन्ही एकदम बदलतो, कारण नवी आणि जुनी एकत्र चालवल्या की सगळा भार नव्या, आखूड चेनवर पडतो आणि पट्टा तिरका ओढला जातो.