तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बहुतेक’ म्हणजे काय?

“दुर्बिणीनच होतला मां, डॉक्टर?”

पित्ताशयातल्या खड्यांच्या सोनोग्राफीचा कागद टेबलावर ठेवायच्या आधीच हा प्रश्न येतो. मी “बहुतेक” म्हणतो आणि समोरचा चेहरा उतरतो. कुडाळ-मालवण पट्ट्यात इतकी वर्षं पोटाची ऑपरेशनं करतोय, पण हा शब्द काही सुटत नाही. साधी केस असली तर चार बारीक भोकं, तासाभराचं काम, एक-दोन दिवसांत घरी. ‘बहुतेक’ आहे तो बिघडलेल्या पिशवीसाठी, म्हणजे पित्ताशयासाठी.

आणि ती बिघडते कशी, तर बऱ्याचदा आपल्याच हातानं. आपल्याकडे ‘पित्त’ या एका शब्दानं फार घोळ घातलाय. आंबट ढेकर आले, पित्त. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच. मग उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत, खांद्यापर्यंत गेली तरी घरात आगळाचं सरबत होतं. कोकमाशी माझं भांडण नाही, मी रोज सोलकढी पितो. पण तिनं खडे विरघळत नाहीत.

रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यावर, जाणारे एक साठीचे गृहस्थ आषाढात असेच कळवळत आले. मधुमेह, ताप, पिशवीला सूज. मी म्हटलं, आत्ताच काढू. दुखणं सुरू झाल्यापासून पहिले तीन दिवस, फार तर आठवडाभर, सुजेनं आत पाणी धरलेलं असतं, त्यामुळे थर तसे सहज सुटतात. पुढे ते पाणी आटतं आणि सगळं एकमेकांना धरून बसतं. ते म्हणाले, इंजेक्शनांनी बरं वाटतंय, नारळीपौर्णिमेनंतर रापण लागेल, मग चतुर्थी, मग बघू. आले ते दसऱ्याला, पुन्हा ताप घेऊन.

कॅमेरा आत गेला तर पिशवी दिसेचना. चरबीचा पडदा तिच्यावर घट्ट बसलेला, मोठं आतडंही ओढलं गेलेलं. तो पडदा सोडवण्यातच अर्धा तास गेला. खाली पिशवी इतकी टणक की चिमटा घसरत होता. सुई घालून आतलं ओढून घेतलं, तर पू. पिशवीच्या मानेत, म्हणजे तिच्या निमुळत्या टोकात, फणसाच्या आठळीएवढा खडा रुतून बसलेला.

आता खरी अडचण. पिशवीची नळी बारीक, ती मिळते मुख्य पित्तनलिकेला. पिशवीची मान जोरात वर ओढली की दोन्ही एका रेषेत येतात, आणि सगळं सुजलेलं असलं की मुख्य नलिकाच पिशवीची नळी वाटते. हात चुकत नाही, डोळा फसतो. शिकत असताना हे मी एका ठिकाणी पाहिलंय. कॅमेरा माझ्याच हातात होता, चित्र स्वच्छ होतं, आणि मलाही ती बारीकच नळी वाटली होती. कापली गेली मुख्य नलिका. थोड्याच दिवसांत पेशंट पिवळा पडला. पुढे दुसऱ्या शहरात त्याच्या आतड्याचा भाग वर घेऊन यकृताच्या नळीला जोडावा लागला. पित्ताशयासाठी आलेला माणूस!

म्हणून अमेरिकेत काम करणाऱ्या स्ट्रासबर्ग या सर्जननं १९९५ मध्ये मांडलेला नियम आम्ही पाळतो: मानेभोवतीचं सगळं साफ करायचं, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सुटा करायचा, आणि पिशवीत शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, डोळ्यांना दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही.

या गृहस्थांच्या पोटात ते दिसत नव्हतं. पडदा सुटल्यावर आणखी चाळीस मिनिटं गेली, मी सेंटिमीटरभरही पुढे सरकलो नव्हतो. भूलतज्ज्ञ काही बोलल्या नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं.

पोट उघडणं हा एक मार्ग. पण उघडलं म्हणून चिकटलेलं सुटं होत नाही. हाताला स्पर्श कळतो, एवढाच फायदा, आणि तोही सवय असेल तर. १८८२ मध्ये बर्लिनला लांगेनबुखनं पहिलं पित्ताशय काढलं, तेव्हापासून शंभर वर्षं सगळे उघडूनच काढत. १९८५ मध्ये जर्मनीत म्यूहेनं आणि १९९० मध्ये मुंबईत उडवाडियांनी दुर्बिणीनं काढलं. त्यानंतर शिकलेल्या अनेक सर्जनांचा उघड्या पोटातल्या पित्ताशयावर हात बसलेलाच नाही. हे पेशंटला सहसा कुणी सांगत नाही.

मी दुसरा मार्ग धरला. मानेभोवती सोडवत बसायचं थांबवलं. पिशवी वरून उघडली, पू धुतला, खडे प्लास्टिकच्या पिशवीत गोळा केले. पुढची भिंत काढली, यकृताला चिकटलेली मागची भिंत तशीच ठेवली आणि मानेचं तोंड आतून शिवून टाकलं. पोटात एक नळी ठेवली, कारण अशा वेळी पित्त झिरपू शकतं. झिरपलंही, सहा दिवस. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं. नाही थांबलं तर तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, बसवावा लागतो आणि त्यासाठी आमच्याकडून कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावं लागतं. ते सहा दिवस मी रोज सकाळी आधी पोटातल्या नळीला लावलेली बाटली बघायचो, मग चहा.

खड्यांची बरणी मी नातेवाइकांच्या हातात दिली. मुंबईहून आलेला जावई ती उजेडात धरून म्हणाला, “म्हणजे पिशवी अर्धी आतच ठेवलीत?”

“हो.”

“आणि पैसे पूर्ण?”

मला हसू आलं, त्याला नाही. मग मी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या, आधी वेगवेगळ्या, मग एका रेषेत आलेल्या. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

“उरलेल्या भागात परत खडे होतील?”

“होऊ शकतात. झाले आणि दुखलं तर परत बघावं लागेल.”

“पण होणार नाहीत ना?”

“बहुतेक,” मी म्हटलं.