तुम्ही विचारलंत म्हणून : जेफरसन यांच्या घरची पंगत

अमेरिकेच्या आरंभकाळाविषयी मी बोललो, की श्रोत्यांपैकी कुणीतरी हमखास विचारते, "राज्यघटना आणि निवडणुका सोडून तुम्ही राष्ट्राध्यक्षांच्या जेवणावळींतच इतके का रमता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष होते त्या काळात, म्हणजे १८०१ ते १८०९ या वर्षांत, वॉशिंग्टन हे अर्धवट बांधलेले, चिखलवाटांचे गाव होते. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, बहुतेक सभासद बायकामुले गावी ठेवून भाड्याच्या बिऱ्हाडांत राहत आणि आपल्याच मताच्या माणसांबरोबर जेवत. अशा गावात दुपारी साडेतीनच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांच्या घरी पान मांडले जाणे हे राज्यकारभाराचेच एक अंग होते. कोणत्या दिवशी कोण जेवले, याची नोंद जेफरसन नोव्हेंबर १८०४ पासून स्वतःच्या हाताने ठेवत, यावरूनच त्यांच्या लेखी या पंगतीचे मोल कळते.

मानपानाला त्यांनी मुद्दाम फाटा दिला होता. डिसेंबर १८०३ मध्ये ब्रिटिश वकील, म्हणजे राजदूत, अँथनी मेरी सपत्नीक जेवायला आले, तेव्हा जेफरसन यांनी मेरीबाईंना सोडून परराष्ट्रमंत्र्यांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांना मेजाकडे नेण्यासाठी हात दिला, आणि बाकीच्यांनी मिळेल ती खुर्ची धरली. मेरी यांना हा आपल्या राजाचाच अपमान वाटला आणि तक्रार थेट लंडनला गेली. मात्र याच यजमानाने ९ डिसेंबर १८०५ रोजी, ट्युनिसचे वकील सिदी सुलेमान मेल्लीमेल्ली यांचा रमजानचा उपवास होता म्हणून, जेवणाची वेळ साडेतीनवरून सूर्यास्तावर नेली. मला ही दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते.

मोकळेपणी बोलायचे असले, की चारच माणसे बसत आणि प्रत्येकाशेजारी कप्प्यांची एक लहान घडवंची असे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागणारे सगळे जिन्नस तिच्यावर आधीच मांडलेले असत, म्हणजे वाढपी आत येऊ नयेत आणि इथले बोलणे त्यांच्या कानांवर पडून बाहेर जाऊ नये.

ती घडवंची आठवली, की मन स्वयंपाकघराकडे जाते. एडिथ फॉसेट ही गुलाम मुलगी १८०२ मध्ये, पंधराएक वर्षांची असताना, माँटिसेलोहून, म्हणजे जेफरसन यांच्या व्हर्जिनियातील मळ्यावरून, तिथे आली आणि ओनोरे ज्युलियाँ या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकली. ज्या पदार्थांची पाहुण्यांनी तारीफ केली, त्यांत तिचे कष्ट होते. पाहुण्यांच्या नोंदीत तिचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे माँटिसेलोचे स्वयंपाकघर तिनेच सांभाळले. जेफरसन यांनी मृत्युपत्रात तिच्या नवऱ्याला, जोसेफला, स्वातंत्र्य दिले, पण तिला आणि मुलांना दिले नाही. जानेवारी १८२७ च्या लिलावात ती मुलांसह विकली गेली.