हरकत क्रमांक ११७

त्या दिवशी सुनावणीला ४२ हरकती लावल्या होत्या. नगरपरिषदेची हद्दवाढ होऊन शेजारची चार गावं शहरात आली होती आणि त्या वाढीव क्षेत्राचा पुढच्या २० वर्षांचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ प्रमाणे हरकती ऐकायला नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. आम्ही नगररचनेची माणसं नकाशा लावून समोर बसतो आणि एकेका हरकतीवर अभिप्राय देतो.

खरी तयारी आदल्या पंधरवड्यात होते. प्रत्येक हरकतीचं एक पान करायचं. गट नंबर, अर्जदाराचं नाव सातबाऱ्यावर आहे का, आराखड्यात त्या गटावर काय दाखवलंय, जागेवर आज काय आहे, मागणी काय, आणि मागणी मान्य केली तर शेजारच्या कोणत्या गटांना झळ लागते. हा शेवटचा रकाना बऱ्याचदा कोरा राहतो आणि घोळ तिथेच होतो. १८ मीटरचा रस्ता एकासाठी ६ मीटर सरकवला की पलीकडच्या तिघांच्या घरांत शिरतो. त्या तिघांनी हरकत घेतलेलीच नसते, कारण मूळ नकाशात त्यांचं काही जातच नव्हतं. म्हणून हरकती आवक क्रमांकानं लावू नयेत. नकाशावर टाचण्या टोचून, एका रस्त्यावरच्या सगळ्या एका दिवशी घ्याव्यात.

११७ क्रमांकाची हरकत मात्र एकटीच होती. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, चार ओळी. एका गटावर प्राथमिक शाळेचं आरक्षण होतं, म्हणजे आराखड्यात ती जागा शाळेसाठी राखून ठेवली होती, आणि अर्जदार त्याच्या शेजारच्या गटाचे मालक. त्यांची स्वतःची गुंठाभरही जागा जात नव्हती. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ नकाशापुढे आले, गाव विहिरीपासून बोटानं मोजत गेले आणि शाळेच्या निळ्या चौकोनावर थांबले.

"साहेब, तुमी शाळा वढ्यात घातलीया."

"काका, नकाशावर तिथे ओढा दिसत नाही. जमीन सपाट आहे."

"सपाट आता केलीया. धा वर्सामागं मुरूम वतला. पर वरचं पानी कुटं जाईल?"

समितीनं निर्णय राखून ठेवला आणि त्याच दुपारी स्थळपाहणी ठरवली.

निघण्यापूर्वी बेस मॅप, म्हणजे ज्यावर आराखडा काढतात तो मूळ नकाशा, संगणकावर उघडून पाहिला. ओढा एका चुकीनं निसटला नव्हता, चार चाळण्यांतून निसटला होता. नकाशातला ओढे-नाले दाखवणारा थर उपग्रह प्रतिमेवरून आखलेला, आणि प्रतिमा उन्हाळ्यातली. कोरडा ओढा तीत पायवाटेसारखा दिसतो, भराव टाकलेला तर दिसतच नाही. उंचसखलपणासाठी वापरलेली माहिती ३० मीटरच्या चौकटीची होती, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तुकड्याला एकच उंची. ८-१० मीटर रुंदीचा ओढा त्यात विरघळून जातो. तिसरी चाळणी गाव नकाशाची. भूमी अभिलेखाकडून आलेला नकाशा स्कॅन करून, तीन गावांच्या शिवा मिळतात ते दगड धरून जागेवर बसवलेला होता, पण त्यावरून फक्त गटांच्या हद्दी गिरवल्या होत्या. ओढ्याची दुहेरी रेघ त्या स्कॅनवर स्पष्ट होती आणि थर बंद ठेवलेला होता. चौथी चाळणी विद्यमान जमीन वापराची पाहणी. पथक जागेवर गेलं तेव्हा समोर मोकळं मैदान होतं. पाहणी करणाऱ्यांनी 'रिकामी जागा' लिहिलं, आणि रिकामी जागा दिसली की आरक्षण टाकायला हात शिवशिवतो.

सातबारा पुन्हा नीट वाचला. शाळेच्या गटात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वर्ग 'ब' १४ आर. हा वर्ग रस्ते, पाणवठे, ओढे अशा सार्वजनिक वापराच्या जागेसाठी असतो. १४ आर म्हणजे १,४०० चौरस मीटर आणि गटाची लांबी सुमारे १४० मीटर. भागाकार केला की १० मीटर रुंदी येते, गाव नकाशावरच्या दुहेरी रेघेएवढीच. कागदावर ओढा पहिल्यापासून होता. दोन कागद कोणी शेजारी ठेवले नव्हते.

जागेवर आधी वरच्या अंगाला गेलो, जुन्या रस्त्याच्या मोरीकडे. घडीव दगडाची मोरी, ३-३ मीटरचे दोन गाळे, उंची २ मीटरच्या आसपास. पूर्वीच्या बांधकाम खात्यानं ही मोरी उगाच एवढी ठेवलेली नाही. कोणत्याही ओढ्याची भूक समजून घ्यायची असेल तर जुन्या मोऱ्या मोजाव्यात. तिथून खाली साडेतीनशे मीटरवर नव्या प्लॉटिंगच्या रस्त्याखाली त्याच पाण्यासाठी ९०० मिलिमीटरचे दोन पाइप, त्यातला एक गाळानं निम्मा भरलेला. मध्ये भरावावर ११ घरं. एका कुंपणभिंतीवर जमिनीपासून दोन फुटांवर पाण्याची करडी रेघ होती आणि कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांची तिरकी भेग. न दाबता टाकलेला भराव पाण्यानं खचतो तेव्हा भिंत अशी फाटते. शाळेच्या नियोजित जागेत कुदळीनं खड्डा घेतला. सव्वा मीटरपर्यंत मुरूम, विटांचे तुकडे, टाइलचा चुरा. खाली काळा गाळ, आणि गाळात गोगलगायींच्या शंखांची पांढरी टरफलं. ती हातात घेतल्यावर समितीत कोणाला शंका उरली नाही.

कार्यालयात परतून हिशेब मांडला. ड्रोन सर्वेक्षणाच्या उंच्यांवरून पाणलोट, म्हणजे ज्या भागाचं पाणी या ओढ्याला येतं तो भाग, आखला, तो १२० हेक्टर निघाला. अशा छोट्या पाणलोटाला साधं सूत्र पुरतं. वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहतो तो), ताशी पाऊस मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये यांचा गुणाकार करायचा आणि ३६० नं भागायचं. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. आज वरचा भाग शेतीचा आहे, गुणांक ०.३ धरला, पाऊस ताशी ६० मिलिमीटर. उत्तर ६ घनमीटर. पण आमच्याच आराखड्यानं तो सगळा भाग रहिवास विभागात दाखवला होता. छपरं, काँक्रीट आणि डांबर आलं की गुणांक ०.७ च्या घरात जातो आणि तोच पाऊस १४ घनमीटर पाणी आणतो. खरं तर त्याहूनही जास्त, कारण पक्क्या जमिनीवरून पाणी लवकर पोहोचतं आणि मग कमी वेळाचा, जास्त जोराचा पाऊस हिशेबात धरावा लागतो. ९०० मिलिमीटरचा पाइप, शंभरात एक उतार असला तरी, १.८ घनमीटरच्या आसपास वाहतो. दोन्ही स्वच्छ असले तरी ३.६. म्हणजे आजच पाणी मावत नाही आणि आराखडा अमलात आला की चौपट मावणार नाही. हद्दवाढीच्या आराखड्यांत हा हिशेब फार क्वचित केला जातो. वरच्या भागाची वाढ आणि खालच्या भागाचा पूर वेगवेगळ्या पानांवर राहतात.

शाळा रद्द करणं हा मार्ग नव्हता. प्रचलित मानकं साधारण ५,००० लोकसंख्येला एक प्राथमिक शाळा आणि तिला ०.४ हेक्टर जागा मागतात. शेवटची हाती असलेली जनगणना २०११ ची, म्हणून आम्ही मतदार याद्या, मालमत्ता कराच्या नोंदी आणि वीजजोडण्या ताडून आजचा आकडा बांधला होता. या बाजूला तर घरं सर्वांत वेगानं वाढत होती. जागा हलवायची होती, गरज नाही.

पहिली सूचना अशी आली की ओढ्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा उद्यान म्हणून आरक्षित करून टाकू. नकाशावर हिरवा रंग छान दिसतो, पण आरक्षण टाकलं म्हणजे जागा नगरपरिषदेची झाली असं होत नाही. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. छोट्या नगरपरिषदेकडे मोबदल्याला पैसे नसतात आणि मालकांना पैशांऐवजी मिळणारे, दुसऱ्याला विकता येणारे बांधकामाचे विकास हक्क नको असतात, कारण तिथे त्यांना गिऱ्हाईक नसतं. मग १२ वर्षांनी ओढ्याच्या काठाचीच जमीन बांधकामाला मोकळी होते. माझं मत पक्कं आहे की नगरपरिषदेला पेलतील तेवढीच आरक्षणं टाकावीत आणि उरलेलं काम नियमांकडून करून घ्यावं.

इथे नियम मदतीला आला. ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या रेखांकनात, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या आराखड्यात, १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. मालक ती सहसा गटाच्या वाकड्या कोपऱ्यात ढकलतो. आम्ही प्रस्ताव केला की या ओढ्यालगतच्या गटांत ती ओढ्याच्या काठानेच सोडायची, किमान ९ मीटर रुंदीची, सलग. एकेक रेखांकन मंजूर होत जाईल तसा पट्टा जुळत जाईल आणि नगरपरिषदेला जमिनीसाठी रुपया मोजावा लागणार नाही. देखभालीला जेसीबी जाण्याइतकी वाट एका काठाला ठेवायचीच, नाहीतर पाचव्या वर्षी गाळ काढायला रस्ता उरत नाही.

वरच्या अंगाला गायरानात एक बंद पडलेली दगडखाण होती, १.२ हेक्टरची. वाढीव पाण्याचा लोंढा सेकंदाला ८ घनमीटरपर्यंत चढून तासाभरात उतरतो असं धरलं तर साठवायचं पाणी ढोबळमानानं १४,४०० घनमीटर होतं. खाणीत १.२ मीटर पाणी चढलं की तेवढं मावतं. जमीन सरकारी, त्यामुळे खासगी संपादन नाही. जिल्हाधिकाऱ्यांची मान्यता मात्र लागते आणि खाणीच्या तोंडाशी गाळकुंड बांधावं लागतं. ते नसेल तर खाण भरत जाते आणि साठा दर पावसाळ्याला घटतो. वरच्या भागातली रेखांकनं मंजूर होण्याआधी हे काम संपलं पाहिजे, असा टप्पा अहवालात लिहिला. २० वर्षांच्या आराखड्यात क्रम लिहिलेला नसेल तर तो विकासकाच्या सोयीनं ठरतो.

पाइपांच्या जागी ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच काँक्रीटची पेटी-मोरी सुचवली. दोनशेत एक उताराला, वर हवा सोडून १.६ मीटर भरून वाहिली तरी ती १४ घनमीटर सहज नेते. काठोकाठ भरेल अशी मोरी धरू नये. एक झाडाची फांदी आडवी अडकली की हिशेब संपतो.

११ घरांचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. ओढ्याच्या पात्रातली बांधकामं नियमित करण्याची शिफारस करता येत नाही, आणि तिथे राहणाऱ्यांना भरावाबद्दल कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आयुष्याची पुंजी त्या मुरमावर घातली आहे. पुनर्वसनासाठी जागा आराखड्यातच दाखवावी, असा स्वतंत्र परिच्छेद अहवालात घालायला समितीनं सांगितलं.

राहिली शाळा. समपातळी रेषा, १२ मीटरचा पोहोच रस्ता आणि वस्तीपासून चालत जाण्याचं अंतर, तिन्ही जुळणारी जागा एकच होती. ती ११७ च्या अर्जदाराच्या गटात होती. समितीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. ज्यांनी चूक दाखवली त्यांच्याच जमिनीवर शिक्का मारायचा, हे कोणालाच गोड नव्हतं. मोठ्या स्वरूपाचा बदल असेल तर फेरप्रसिद्धी लागते, पण नोटीस नुसती भिंतीवर डकवून त्यांना कळावं हे आम्हाला पटत नव्हतं. त्यांना बोलावून नकाशा पुढे ठेवला, मोबदल्याचे पर्याय सांगितले आणि कलम १२७ ही समजावलं.

त्यांनी बराच वेळ चौकोनाकडे पाहिलं.

"शाळा व्हतीय तर व्हऊ द्या. पर ही हीर सोडा. खालच्या शेताला तिचंच पानी हाय."

आमच्या चौकोनात विहीर येत होती. आरक्षण ८० बाय ५० मीटरचं, लांब बाजू आत शेतात गेलेली. ते फिरवून लांब बाजू रस्त्याला आणली. क्षेत्र तेच, ४,००० चौरस मीटर. शाळेलाही दर्शनी रुंदी जास्त मिळाली. विहिरीच्या काठापासून आरक्षणाची हद्द ७ मीटरवर आली, मोटारीची खोली आणि बैलगाडी वळायची जागा धरून. ते अंतर नकाशावर आकड्यानं लिहिलं, कारण लिहिलेलं नसलं तर पुढच्या मोजणीला रेघेची जाडीच दोन-तीन मीटर खाते.