लंगोटांचे पाणी आणि केळीचे आळे: परसबागेच्या वहीतील एक वर्ष

गेल्या जुलैत मुलगी झाली, तेव्हा परसबागेच्या वहीत मी एक नवा रकाना आखला आणि त्याला 'लंगोट' असे नाव दिले. पत्नीला ते पाहून हसू आले. परंतु लातूरमध्ये राहणाऱ्या माणसाने पाण्याचा हिशेब ठेवला तर त्यात हसण्यासारखे फारसे काही नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे या शहरात आली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी सगळे जण परातीत बसून अंघोळ करत आणि परातीतले पाणी कढीपत्त्याला जात असे. माझी परसबाग खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची आहे.

मुलीला शक्यतो कापडी लंगोटच वापरायचे, हे बाळंतपणाआधीच ठरले होते. वापरून फेकण्याच्या डायपरचे काय होते, हे खत करणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. आतला लगदा कुजतो, पण प्लास्टिकचे अस्तर आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेटचा तो फुगणारा चिकट गोळा खड्ड्यात जसाच्या तसा सापडतो. मात्र कापडाचीही किंमत मोजावी लागते आणि आपल्याकडे ती पाण्यात मोजावी लागते. म्हणून वर्षभर माझ्यापुढे प्रश्न एकच होता, तो म्हणजे लंगोट धुण्याचे पाणी कमीत कमी किती लागेल आणि लागलेले पाणी बागेला इजा न करता मातीत कसे जिरवता येईल.

बारसे उदगीरला, पत्नीच्या माहेरी झाले. सव्वा महिना झाल्यावर ऑगस्टच्या मध्यात मायलेकी घरी आल्या, तेव्हा सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्यांचे शिवलेले बत्तीस लंगोट आणि एक वाकळ सोबत दिली. पहिल्याच आठवड्यात मी मोजणी केली. दिवसाला सरासरी सोळा लंगोट होत होते आणि वाहत्या तोटीखाली ते धुताना पंधरा लिटरच्या आठ बादल्या, म्हणजे 120 लिटर पाणी खर्च होत होते. घरात एरवी आम्हा तिघांचा अंघोळीचा खर्च त्याहून कमी आहे. पावसाळी हवेमुळे ते वाळतही नसत, तेव्हा आईने माळ्यावरची बांबूची डाल काढून शेगडीवर उपडी घातली आणि तिच्यावर लंगोट पसरले. ही युक्ती मला ठाऊक होती, पण प्रत्यक्षात मी ती प्रथमच पाहत होतो.

ऑगस्टच्या अखेरीस मुलीच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी मलम दिले आणि कपड्यात साबणाचा अंश राहू देऊ नका, असे सांगितले. मी अधिक पाण्याने खळबळू लागलो, तरी वाळलेला लंगोट हातात घेतला की पापडासारखा ताठ लागे आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब शोषला न जाता क्षणभर तसाच उभा राही. तेव्हा माझे लक्ष पाण्याकडे गेले. आमचे बोअर पाचशे फुटांच्या पुढचे आहे आणि त्याचे पाणी जड आहे. मी सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घेतल्या आणि एकीत बोअरचे, दुसरीत नळाचे, तिसरीत पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी अर्ध्यापर्यंत भरले. प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून सारखेच हलवले. पावसाच्या पाण्यात फेस बाटलीच्या तोंडापर्यंत आला आणि पाच मिनिटे टिकला. नळाच्या पाण्यात तो बोटभर आला. बोअरच्या पाण्यात मात्र फेस आलाच नाही. दूध नासावे तशा पांढऱ्या कण्या तेवढ्या वर तरंगू लागल्या. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला 'दुष्फेन' म्हणत असत. तो शब्द पाठ करताना कंटाळा आला होता. त्या दिवशी तो किती नेमका आहे, हे कळले.

त्या कण्या म्हणजेच लंगोटाचा ताठपणा होता. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो सुताच्या पोकळीत बसतो. मग कापड पाणी शोषत नाही आणि बाळाच्या कातडीला घासते. असा साका जड पाण्याने कितीही खळबळले तरी निघत नाही. त्यामुळे दोन गोष्टी बदलल्या. साबणाऐवजी रिठा आला, कारण रिठ्यातील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या द्रव्याचा जड पाण्यातही साका होत नाही. आणि शेवटचे खळबळणे पावसाच्या पाण्यात करायचे ठरले. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून टरफले रात्री कोमट पाण्यात भिजवायची, सकाळी कुस्करून गाळायची, एवढेच काम आहे. रिठ्याने कापड पांढरेशुभ्र होत नाही, हे मान्य करूनच तो वापरावा. आमचे लंगोट वर्षभर चहाच्या गाळण्यासारखे दिसत होते, आणि पाहुण्यांनी ते बोलूनही दाखवले.

पावसाचे पाणी साठवायला सप्टेंबरच्या सुरुवातीस दोन हजार लिटरची टाकी आणली. आमचे छत साधारण साठ चौरस मीटरचे आहे. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला तर एक लिटर पाणी होते; गळती आणि उडणे वजा करता आमच्या छतावरून मिलिमीटरमागे सुमारे 48 लिटर हाती लागतात. लातूरचा वर्षाचा पाऊस सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास धरला तर हे 38 हजार लिटर होतात. त्यापुढे माझी टाकी म्हणजे ओंजळ आहे. उरलेले पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात जाते. सरीचे पहिले दोन मिलिमीटर पाणी धूळ आणि कबुतरांची विष्ठा घेऊन येते, ते टाकीत येऊ देऊ नये. यासाठी पुष्कळ जण पन्हाळीच्या खाली चार इंची पाइपाचा उभा तुकडा बसवतात, पण त्याच्या मीटरभर लांबीत जेमतेम आठ लिटर पाणी मावते आणि माझ्या छताला 120 लिटर सोडून द्यावे लागते. म्हणून मी एक जुने पिंप त्या जागी लावले आहे. ते भरल्यावरच पाणी टाकीकडे वळते. परतीच्या पावसाने सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकी काठोकाठ भरली.

त्यानंतर बसलेली धुण्याची पद्धत अशी आहे. विष्ठा आधी शौचालयात झटकायची. ती खतात किंवा बागेत घालण्याचा मोह कोणीही करू नये. मग पहिल्या बादलीत लंगोट भिजवायचे, दुसरीत दहा लिटर पाण्यात रिठ्याने धुवायचे, तिसरीत बारा लिटर बोअरच्या पाण्याने खळबळायचे आणि चौथीत बारा लिटर पावसाच्या पाण्याने. चौथ्या बादलीतले पाणी जवळपास स्वच्छच असते, ते दुसऱ्या दिवशी भिजवण्याच्या पहिल्या बादलीत जाते. अशा रीतीने रोजचे ताजे पाणी 120 लिटरवरून 34 लिटरवर आले आणि त्यात पावसाचे पाणी बारा लिटर. लंगोट आठवड्यात मऊ झाले. चट्टे पुढे दोनदा आले, पण ते दात येतानाच्या जुलाबांमुळे असावेत.

हे 34 लिटर पाणी न्हाणीच्या मागच्या बाजूला केळीच्या आळ्यात सोडतो. अर्धापूरकडच्या एका स्नेह्याने दिलेले चार मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्यालगत फुटणारे कोंब, ऑगस्टमध्येच लावले होते, त्यांच्याभोवती कर्दळीची रांग आहे आणि आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचा वीतभर थर आहे. लघवीतले नत्र केळीला चांगले मानवते, शिवाय फळ जमिनीपासून उंच असल्याने सांडपाण्याचा स्पर्श होत नाही. पालेभाजीला हे पाणी मी एकदाही दिले नाही. पाणी साठवून ठेवायचे नाही, त्याच दिवशी मुरवायचे; एक दिवस पाहुण्यांच्या गडबडीत पहिली बादली झाकून तशीच राहिली आणि तिच्या वासाने मी हा नियम कायमचा शिकलो.

चुका आणखीही झाल्या. नोव्हेंबरमध्ये रिठ्याचे उरलेले पाणी मी बेसावधपणे कमळाच्या सिमेंटच्या टाकीत ओतले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी त्यात गप्पी मासे सोडलेले होते. संध्याकाळपर्यंत सगळे मासे पालथे पडले. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करते, हे मी वाचले होते. ओतताना आठवले नाही. दुसरी चूक अधिक महागात पडली. थंडीत रिठा कमी पडला, तेव्हा महिनाभर धुण्याचा सोडा वापरला आणि ते पाणी गच्चीवरच्या काही कुंड्यांनाही दिले. जानेवारीअखेर त्या कुंड्यांच्या मातीवर पांढरा थर आला आणि वरून घातलेले पाणी न मुरता तासभर साचून राहू लागले. ज्यांची शेती आहे त्यांना हे चित्र ओळखीचे असेल, कारण धुण्याच्या सोड्यात सोडियम असतो आणि आमच्या काळ्या मातीत तो वाढला की ती अशीच चोपण, म्हणजे पाणी न मुरू देणारी, होते. सोडा बंद केला, कुंड्या रिकाम्या करून मातीत जिप्सम आणि निम्मे खत मिसळले, तरी फेब्रुवारीत तिथे टोकलेली 'परभणी क्रांती' भेंडी इतर कुंड्यांच्या मानाने निम्म्याच उंचीची राहिली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे हे जुने वाण हळद्या रोगाला दाद न देणारे म्हणून काढलेले आहे आणि त्याबाबत माझी तक्रार नाही, दोष मातीचा होता.

मुलीच्या बाजूच्या नोंदी वहीत कमी आहेत, कारण त्या वेळी हात मोकळा नसे. चौथ्या महिन्यात ती पालथी पडू लागली. वेळा अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात पूजा करून जेवण्याच्या आमच्याकडच्या सणाला, आम्ही औसा तालुक्यातल्या आमच्या शेतावर गेलो. कडब्याची कोप (खोपी), भज्जी, उंडे आणि आंबिलाचा माठ, सगळे नेहमीप्रमाणे होते. थोरल्या काकूंनी आंबिलाचे बोट मुलीच्या ओठांना लावले, पत्नी 'अजून सहा महिने पूर्ण नाहीत' असे म्हणेपर्यंत ते चाटूनही झाले होते. त्या दिवशी आम्ही डायपर वापरले. प्रवासाचे, दवाखान्याचे आणि लग्नांचे मिळून वर्षभरात असे 63 डायपर झाले. आकडा लपवण्यात अर्थ नाही. ते कागदात गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे दिले. एका बागप्रेमी मित्राने त्यातील पाणी धरणारा गोळा कुंडीत मिसळण्याचे सुचवले होते. त्या गोळ्यातही सोडियम असतो; वर चोपण मातीचे जे सांगितले आहे, त्यानंतर त्यावर वेगळे लिहीत नाही.

जानेवारीत उष्टावण झाले. वाटीत मुगाच्या वरणाचे पाणी, मऊ भात आणि आमच्याच वेलावरच्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर होता. तिने भोपळा थुंकला आणि वाटी मात्र सोडली नाही.

टाकीतले पाणी बारा लिटरच्या हिशेबाने 166 दिवस पुरायला हवे होते. ते 161 व्या दिवशी, 10 मार्चला संपले, कारण तोटी तळापासून चार बोटे वर आहे. शेजाऱ्यांनी आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वापरण्याचा सल्ला दिला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. पुढचे तीन महिने शेवटच्या बादलीसाठी नळाचे पाणी वापरले. ते आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी येते आणि बाटलीच्या परीक्षेत मधल्या क्रमांकावर होते. तोवर लंगोटही दिवसाला नऊवर आले होते. एप्रिलमध्ये मुलगी रांगू लागली आणि तिसऱ्याच दिवशी गच्चीवरच्या कुंडीतली माती तोंडात घालताना सापडली. तेव्हापासून लंगोटांचे कोणतेही पाणी गच्चीवर नेत नाही, आणि आळ्याला कमरेएवढे कुंपण घातले आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चारपैकी दोन केळी निसवल्या, म्हणजे त्यांना घड बाहेर पडले. पहिल्या वाढदिवसाला फुगे नव्हते, थर्माकोल नव्हता, पळसाच्या पत्रावळी होत्या. आईचे औक्षण आणि केळीच्या पानावरचा शिरा एवढ्यावर मुलीचे भागले. मोठ्यांपैकी दोघांचे भागले नाही, त्यांनी केक आणलाच.

सध्या टाकीत अकराशे लिटर पाणी आहे, रोजचे लंगोट सहा आहेत आणि कमळाच्या टाकीत नवे गप्पी मासे आले आहेत. बत्तीसपैकी सात लंगोट फाटले, ते मी फेब्रुवारीत खताच्या ढिगात पुरून पाहिले होते. परवा ढीग उकरला तेव्हा लुगड्याचे कापड कुठेही दिसले नाही. कडेची शिवण तेवढी, लंगोटाच्या आकाराची चौकट धरून, अखंड हाताला लागली. दोरा पॉलिस्टरचा होता. सासूबाईंना फोन करून पुढच्या शिवणीसाठी सुती दोऱ्याची रिळे पाठवत असल्याचे कळवले आहे.